मुलाच्या कलाने शिक्षण: घरी नेमकं काय मांडायचं, बालवाडीत काय बघायचं?

दोन_खोल्या_कर्वेनगर

मुलगा ३ वर्षं ४ महिने. जूनपासून बालवाडीत जातोय, ९ ते १२. शाळा म्हणते आम्ही मुलाच्या कलाने शिकवतो: पुस्तक नाही, गृहपाठ नाही, मूल स्वतः काम निवडतं. तत्त्व पटलेलं आहे, त्यावर चर्चा नको. अडतंय ते रोजच्या व्यवहारात.

१. हॉलचा एक कोपरा देता येईल, ४ फूट बाय ६ फूट. त्यात काय ठेवावं, काय ठेवू नये? खेळण्यांचं एक पिंप भरलेलं आहे. तो ते ओततो आणि निघून जातो.
२. पाण्यात हात घातला की थांबत नाही. याला काम म्हणायचं की मस्ती?
३. सासूबाई म्हणतात, शेजारची याच वयाची मुलगी क ते ज्ञ लिहिते. हा पेन्सिल धरत नाही. थांबायचं तरी किती?
४. शाळा खरंच तसं करते की नुसती पाटी लावली आहे, हे तासाभराच्या भेटीत कसं ओळखायचं?

बजेट तीनेक हजार. आजी-आजोबा दिवसभर घरी असतात. "सोडून द्या, आपोआप शिकेल" हे उत्तर कृपया नको.

---

ताटलीत_राजमा

पहिले दोन प्रश्न घेते.

तो ओततो आणि निघून जातो, यात दोष पिंपाचा आहे. तळाशी काय आहे ते दिसत नाही म्हणून ओतावंच लागतं. ओतलं की चाळीस वस्तू एकदम अंगावर येतात, त्यातल्या निम्म्या अर्धवट. गाडीला चाक नाही, कोड्याचे तीन तुकडे गायब. अशा ढिगातून काय निवडणार तो? तुळशीबागेत तासभर हिंडून रिकाम्या पिशवीने परतणारी मोठी माणसंही पुष्कळ असतात.

तो झोपल्यावर सगळं एका चादरीवर पसरा. तुटकं, अपुरं, नुसतं बटण दाबून वाजणारं बाजूला काढा. राहिलेल्यातल्या ६ ते ८ गोष्टी बाहेर, बाकी माळ्यावर.

मांडणी दोन कप्प्यांची, ३ फूट लांब, १० ते १२ इंच खोल, दारं नकोत. वरचा कप्पा जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांच्या वर नको, कारण या वयाचं मूल सव्वातीन फुटांच्या आसपास असतं आणि त्याला वस्तू वरून दिसायला हवी. मांडणी भिंतीला एल-क्लॅम्पने पक्की करा. मूल कप्प्यावर पाय देऊन चढणार हे धरूनच चला. प्रत्येक काम स्वतःच्या तबकात किंवा परडीत, आणि दोन तबकांमध्ये थोडी जागा मोकळी. ती मोकळी जागा महत्त्वाची. काम संपल्यावर कुठे ठेवायचं हे तीच सांगते, तुम्हाला ओरडून सांगावं लागत नाही. तबक नसेल तर चार वस्तू न्यायला चार फेऱ्या होतात आणि तिसऱ्या फेरीत मूल भरकटतं.

बसायला २ बाय ३ फुटांची सतरंजी, गुंडाळी करून कोपऱ्यात उभी. सतरंजी अंथरली म्हणजे काम सुरू, आणि घरातल्या कुणीही ती ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. आजोबांनीसुद्धा. टेबल-खुर्ची घेऊ नका, ८-९ इंच उंचीचा चौरंग मांडी घालून बसायला उत्तम.

ठेवायचं काय: ओतण्याचं काम. वेगवेगळ्या झाकणांच्या ५-६ डब्या (फिरकीची, दाबायची, कडीची, घरात असतातच). मोठे मणी, दोनेक सेंटिमीटरचे, आणि ओवायला बुटाची नाडी. साध्या दोऱ्याचं टोक लोळतं आणि मूल कंटाळतं ते मण्यांना नाही, दोऱ्याला. ८ ते १२ तुकड्यांचं कोडं. एकाच मापाचे लाकडी ठोकळे, पण निदान ४०. पंधरा ठोकळ्यांचं काहीच होत नाही, भिंत अर्ध्यात संपते. कागद आणि जाड खडू. तीन-चार पुस्तकं, कणा नव्हे तर मुखपृष्ठ समोर येईल अशी.

आता ओतणं जरा सविस्तर, कारण बहुतेक घरांत ते पहिल्याच दिवशी फसतं आणि मग "त्याला अजून जमत नाही" असा शिक्का बसतो.

चोच असलेली दोन छोटी भांडी घ्या, २०० ते २५० मिली मावेल अशी, दोन्ही सारखी. पेला नको. पेल्याच्या गोल काठावरून पाणी बाहेरच्या बाजूने खाली ओघळतं, मूल कितीही नेमकं ओतो. भांडं अर्धंच भरा. पहिल्यांदा राजमा, तो पडला तर दिसतो आणि एकेक उचलता येतो. मग तांदूळ, मग पाणी. रवा मध्ये घालू नका, तो एकदम ढासळतो. मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर राजमा बिलकुल नको: घशात अडकू शकतो आणि कच्चा राजमा पोटालाही वाईट. अशा मुलाला सरळ पाण्यापासून सुरुवात. तबकाला अर्धा-पाऊण इंचाची कड हवी, पण तबक १६ इंचांहून रुंद नको. फार रुंद असलं की कोपरं अंगापासून सुटतात आणि ते एका बाजूला कलतं. तबकात स्पंजचा अर्धा तुकडा ठेवा. अख्खा स्पंज त्या मुठीत मावत नाही, पिळता येत नाही, मग ओल पुसली न जाता पसरते.

दाखवताना त्याच्या उजव्या बाजूला बसा (तो डावखुरा असेल तर डाव्या). एकदाच, संथ, आणि न बोलता. आपण बोलायला लागलो की मूल तोंडाकडे बघतं, हातांकडे नाही. चोच दुसऱ्या भांड्याच्या मधोमध आणायची, क्षणभर थांबायचं, मग कलवायचं. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं. दोन थेंब मुद्दाम तबकात सांडा आणि स्पंजने टिपून दाखवा. हे नाही केलं तर सांडणं म्हणजे चूक असं त्याला वाटतं. केलं तर सांडणं हा कामाचाच पुढचा भाग होतो. मग उठून बाजूला व्हा.

पाण्याचा प्रश्न यातच आला. काम की मस्ती हे नजरेवरून ओळखा. नजर स्वतःच्या हातावर असेल, तीच कृती थोड्याथोड्या फरकाने पुन्हा होत असेल (लांबून ओतून बघ, बारीक धार धरून बघ), तर ते काम आहे, वीस मिनिटं चालू द्या. हात पाण्यात आणि नजर तुमच्याकडे असेल तर ते तुमच्यासाठी चाललंय. आणि थांबत नाही म्हणाल तर नळ कधी संपतो का? बादली संपते. सकाळी अर्धी बादली काढून द्या, नळाला हात लावायचा नाही हा एक नियम. पाणी संपलं की तो आपोआप दुसरीकडे वळतो, वाद तुमच्याशी उरत नाही.

मांडणीतल्या वस्तू दर रविवारी बदलण्याची फॅशन आहे, ती पाळू नका. ज्याला १०-१२ दिवस हात लागला नाही तेच काढा. ज्यात तो गुंतलाय ते महिनाभर राहिलं तरी राहू दे.

---

पेठेतला_खडूस

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण थोडी साफसफाई आवश्यक. "मुलाच्या कलाने" या एका छत्रीखाली पुण्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

मॉन्टेसरी पद्धतीत काम कोणतं आणि किती वेळ हे मूल ठरवतं, पण ते कसं करायचं हे दाखवलेलं असतं. गुलाबी मनोरा म्हणजे उतरत्या मापाचे १० घनाकृती ठोकळे, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत, एकावर एक रचायचे. त्यांची आगगाडी करून फिरवली तर बाई शांतपणे ते आवरून ठेवायला लावतील. रेज्जो एमिलिया (इटलीतल्या या नावाच्या शहरातून आलेली) पद्धतीत मुलांच्या प्रश्नातून प्रकल्प वाढतो, वस्तूंना ठरलेला उपयोग नसतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे नुसता मुक्त खेळ, ज्यात मोठ्यांनी काही योजलेलंच नसतं. तुमची शाळा यातलं काय करते ते विचारा. "आम्ही सगळ्यांतलं चांगलं घेतो" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न, "काल सकाळी साडेनऊला वर्गात काय चाललं होतं?"

मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह निघालं तेव्हापासून आजवर कुणीही पाटी रंगवू शकतं आणि रंगवतं.

खरेदी: तीन हजारांतले बरेच वाचवा. बुरूड आळीत परड्या-सुपल्या, तुळशीबागेत भातुकलीतलं खरं पोळपाट-लाटणं आणि स्टीलची लहान भांडी, बोहरी आळीत क्लॅम्प आणि डब्या, कुंभारवाड्यात शाडू, रविवार पेठेत मणी. मांडणी टिंबर मार्केटमधून फळ्या कापून आणून करा, कडा पॉलिशपेपरने घासायला विसरू नका. ऑनलाइन मिळणारे 'मॉन्टेसरी किट' घेऊ नका, त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या स्वयंपाकघरात पडून आहेत.

---

धूळपाटी

प्रश्न ३.

३ वर्षं ४ महिन्यांच्या मुलाने पेन्सिल न धरणं यात थांबण्यासारखं काही नाही, कारण अजून उशीरच झालेला नाही. बघून रेघा काढण्याचा साधारण क्रम असा असतो: उभी रेघ दोन-तीन वर्षांत, गोल तिसऱ्याच्या आसपास, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या, चौकोन साडेचारच्या, त्रिकोण पाचच्या. आता देवनागरी अक्षर बघा. 'क' मध्ये उभा दंड, डावीकडे बंद गोल, उजवीकडे खाली वळलेला अर्धा गोल, वर शिरोरेघ. ज्याला अजून नीट अधिकचं चिन्ह येत नाही त्याला हे गिरवायला लावलं की तो अक्षराचं चित्र काढतो, अक्षर लिहीत नाही. शेजारच्या मुलीची परीक्षा घ्यायची गरज नाही, पण सासूबाईंना समजावायला एक उपाय आहे. "क ते ज्ञ" पाठ लिहिणाऱ्या कुठल्याही मुलाला मधलंच 'म' विचारलं तर बहुतेकदा ते क पासून मोजत येतं.

हाताची तयारी मात्र आत्ताच करायची, आणि ती खांद्यापासून सुरू होते, बोटांपासून नाही. गच्चीच्या भिंतीवर पाणी आणि जाड ब्रश: मोठ्या उभ्या-आडव्या रेघा, वाळल्या की पुन्हा. मग मनगट: कणीक मळणं, छोटं फडकं पिळणं, डब्यांची झाकणं. मग चिमूट: मटार सोलणं, मेथी निवडणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, ड्रॉपरने रंगीत पाणी बर्फाच्या ट्रेच्या खणांत टाकणं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त असतो, तेव्हा पाव किलो शेंगा सुपात घालून त्याला रोज सोलायला द्या. आजी शेजारी बसून सोलतील आणि दोघांचंही काम होईल.

लिहायला द्याल तेव्हा पेन्सिल नको, मेणखडूचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा द्या. खडू लांब असला की मूल तो मुठीत धरतं. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत आपोआप येतो. पकड सुधारायला रबरी ग्रिप वगैरे घेण्याआधी खडू मोडा.

धूळपाटी आपली जुनीच आहे, आजही तितकीच कामाची. गडद रंगाचं तबक, त्यात रवा, थर ३-४ मिलीमीटरचा. जास्त झाला की रेघेच्या कडा आत ढासळतात आणि तळाचा रंग दिसत नाही, मग मूल जोर देत राहतं. रवा कोरडा भाजून घ्या, नाहीतर आठवड्यात किडे. मीठ पावसाळ्यात ओलं होतं आणि नखाशी ओरखडा असेल तर झोंबतं. रांगोळी नको, तिची पूड श्वासात जाते. बोटाने काढायचं, चूक झाली की तबक हलवायचं, पुसलं. खोडरबराचा त्रास नाही.

अक्षरओळख साडेतीन-चारनंतर, आणि इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ओळखायला द्यायची अक्षरं एकमेकांपासून वेगळी दिसणारी हवीत: म, र, क अशी तीन. भ-म, घ-ध, व-ब, ट-ठ-ढ या जोड्या एका दिवशी कधीच नकोत. लिहायला मात्र उलट, एका वळणाची अक्षरं एकत्र: ग म भ न, व ब क, प ष फ. शाळा बहुधा लिहिण्याचाच गट ओळखायलाही देतात आणि मग भ-म चा गोंधळ दुसरीपर्यंत टिकतो.

खरकागदाची (पॉलिशपेपरची) अक्षरं घरी करता येतात. पुठ्ठा पोस्टकार्डाहून थोडा मोठा, कागद १२० नंबरचा. ८० नंबरचा बोटाला खरचटतो आणि मूल दुसऱ्यांदा हात लावत नाही. स्वर एका रंगाच्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं दुसऱ्या. दोन बोटांनी, लिहितात त्याच दिशेने फिरवायचं आणि फक्त आवाज म्हणायचा: "म". "म मगरीचा" नाही, नाहीतर मूल म बघून मगर वाचतं. धड्याचे तीन टप्पे: "हा म." मग "म कुठाय? मला म दे. र उशीखाली ठेव." मग शेवटी "हा कोणता?" बहुतेक मोठी माणसं पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि ती परीक्षा होते. मधला टप्पाच सगळ्यात लांब, पाच-सहा दिवस चालला तरी चालेल. तिसऱ्यात चुकला तर "नाही" म्हणू नका, तो पुठ्ठा गप्प बाजूला ठेवा आणि उद्या पहिल्यापासून.

च आणि ज उशिरा घ्या. चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळा, जाळ्यातला ज आणि जिन्यातला ज वेगळा. सुरुवातीला एका चिन्हाला एकच आवाज असलेली अक्षरं बरी. म, क, र, ब, स, न, द, ल इतकी झाली की लगेच काना द्या. मामा, काका, बाबा, दादा, नाना अशी आख्खी नातेवाईक मंडळी वाचता येतात. सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. बाराखडी ओळीने म्हणता येणं आणि एकटं 'कु' वाचता येणं यात बरंच अंतर आहे.

आणि अक्षराच्या आधी कान. भेंड्या, पण गाण्यांच्या नाही, शब्दांच्या: पोपट, टमाटा... साधारण चारनंतर जमतात. 'कमळ' आलं की ळ वर अडतं, तिथे ल घ्यायचा हे जुनंच ठरलेलं आहे.

केव्हा दाखवायचं: साडेचारनंतरही गोल बंद करता येत नसेल, खडू मुठीतच असेल, आणि बटण, चमचा, झाकण या सगळ्यालाच टाळत असेल, तर बालविकास तज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. यातलं एकच असेल तर आधी दोन-तीन महिने वरचं करून बघा.

---

पेठेतला_खडूस

धूळपाटी यांच्या प्रतिसादात एक न लिहिलेली गोष्ट आहे ती लिहितो, कारण कलाने-वाले ती टाळतात. बोलणं मूल घरात राहून उचलतं. वाचणं तसं उचलत नाही. चिन्ह आणि आवाज यांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. घरात रोज पुस्तक वाचून दाखवणारं कुणी असेल तर ही गाठ नकळत घातली जाते आणि सगळे म्हणतात, बघा आपोआप शिकला. ज्या घरात पुस्तकं नाहीत तिथल्या मुलाला "त्याच्या कलाने" म्हणून पहिलीपर्यंत सोडणं हा अन्याय आहे. केव्हा आणि किती वेळ हे मुलाच्या कलाने, पण क्रम मोठ्यांनीच लावायचा.

---

बालवर्ग_साडेनऊ

प्रश्न ४. भेट शक्यतो ९:३० ते १०:३० मागा, मुलं असताना. सुट्टीनंतर दाखवलेला वर्ग म्हणजे नुसतं सामान.

भिंत आधी बघा. २५ एकसारखी कापसाची बदकं लावलेली असतील तर निवड बाईंनी केली आहे. चित्रं वेगवेगळी, काही अर्धवट, आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतील तर बरं लक्षण.

कपाटं उघडी आहेत का. साहित्य काचेमागे असेल तर ते पालकांसाठी आहे. मॉन्टेसरी म्हणवत असतील तर गुलाबी मनोऱ्याशी जा आणि सगळ्यात लहान, १ सेंटिमीटरचा ठोकळा जागेवर आहे का बघा. तो सगळ्यात आधी हरवतो. दहाही ठोकळे असतील तर वर्ग रोज आवरला जातोय. नऊच असतील तर मनोरा शोभेचा आहे किंवा कुणी बघत नाही.

मूल पाणी प्यायला न विचारता उठतं का? काम संपल्यावर ते कुणी सांगितल्याशिवाय जागेवर ठेवतं का? बाई कुठे आहेत: फळ्यापाशी उभ्या, की खाली एखाद्या मुलाशेजारी? त्यांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असेल तर वर्ग बाईंच्या कलाने चाललाय.

वेळापत्रक मागून घ्या. इथेच बहुतेक शाळा उघड्या पडतात. तीन तासांत प्रार्थना २० मिनिटं, डबा ३०, गाणी २०, इंग्रजी २०, रांगेत उभं राहणं वेगळं. मुक्त कामाला उरतात दोन तुकडे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे. मुलाला कामात शिरायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे शिरलं की घंटा. मॉन्टेसरी वर्गात सलग तीन तासांचा पट्टा मागतात तो यासाठी. त्यात तासाभराने, साधारण दहाच्या सुमारास, एकदम गलका वाढतो, मुलं इकडेतिकडे हिंडायला लागतात. नवख्या बाई इथे घाबरून सगळ्यांना गोलात बसवतात आणि गाणं सुरू करतात. दहा-पंधरा मिनिटं कळ काढली तर त्यानंतर सकाळचं सगळ्यात मोठं काम निवडलं जातं. तुमची भेट नेमकी या वेळेत आली तर बाई काय करतात ते बघा, बाकी काही विचारायची गरज उरणार नाही.

संख्या: २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयाला २० मुलांमागे एक मोठं माणूस, आणि ३ च्या आतल्यांना १० मागे एक असं आहे. एका बाईंकडे पस्तीस मुलं असतील तर निवड वगैरे राहू द्या, त्या फक्त वाहतूक सांभाळतायत.

सामान साधं दिसलं म्हणून शाळा मोडीत काढू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर हेच काम शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन केलं. महागडं साहित्य तिथे परवडणारंही नव्हतं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' आली. १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना निघाली तिच्यातल्या केंद्रांना तोच शब्द मिळाला.

सासूबाईंची खरी भीती बहुधा "पहिलीत कसं होणार" ही असेल. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे पहिली-दुसरी बालवाडीशी जोडलेली. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला मनाई आहे. कागदावरचं सगळं वर्गात उतरतं असं नाही, पण निदान "लिहिता आलं नाही तर घेणार नाहीत" याला आधार नाही.

---

दोन_खोल्या_कर्वेनगर

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. एक, निवड द्या म्हणतात म्हणून "आंघोळ करायची का?" असं विचारतो, तो "नाही" म्हणतो, मग रोज रणकंदन. दोन, आजी मध्ये मध्ये "शाब्बास", "असं नाही रे राजा, असं" करत राहतात. त्यांना दुखवायचं नाही.

---

ताटलीत_राजमा

आंघोळ करायची का, हा प्रश्नच नाही. आपल्या बोलण्यातली ती गोड लकब आहे. पण मुलाने तो प्रश्न समजून खरं उत्तर दिलं. जिथे निवड नाही तिथे विचारू नका. "आंघोळीची वेळ झाली. बादलीत गरम पाणी आधी की गार?" आंघोळ ठरलेली, तपशील त्याचा. औषध, रस्ता ओलांडताना हात धरणं, स्कूटरवर पुढे उभं न राहणं, इथे तपशीलही देऊ नका. आणि पर्याय दोनच. "आज काय खाशील?" म्हणजे पुन्हा पिंप.

आजींना "बोलू नका" म्हणाल तर घर बिघडेल. त्यांना काम द्या. एक छोटी वही आणि पेन्सिल, रोज दहा मिनिटं, डावीकडे वेळ, उजवीकडे तो काय करतो. फक्त क्रियापदं, विशेषणं नाहीत. नमुना:

१०:०५ फिरकीची डबी घेतली. उलटी फिरवली.
१०:०६ दातात धरली. माझ्याकडे बघितलं.
१०:०७ पुन्हा हातात. तळ मांडीवर दाबला. उघडली.
१०:०८ बंद केली. उघडली. बंद. उघडली. (७ वेळा)
१०:१२ त्यापेक्षा मोठी डबी आणली.

१०:०६ ला जर कुणी "दे इकडे, उघडून देते" म्हणालं असतं तर खालच्या तीन ओळी झाल्याच नसत्या. लिहिणाऱ्याला हे आपलं आपण दिसतं, सांगावं लागत नाही. शिवाय हातात पेन्सिल असली की तोंड कमी चालतं. संध्याकाळी ती वही त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवायची, म्हणजे शाब्बासकीची हौसही तिथे फिटते. प्रत्यक्ष त्याच्याशी बोलताना "शाब्बास" ऐवजी जे झालं तेवढंच: "सहाही झाकणं लागली."

---

धूळपाटी

खडूस यांनी शाडूचं नाव काढलंय म्हणून तळटीप: एक किलो कोरड्या शाडूला ३००-३५० मिली पाणी, थोडं थोडं घालत, मळून ओल्या फडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. हात बेसिनमध्ये धुवू देऊ नका, शाडू पाइपात बसतो आणि प्लंबर बोलवावा लागतो. बादलीत धुवायचे, रात्रभर ठेवायचं, वरचं नितळ पाणी कुंडीत, तळाचा गाळ परत डब्यात.